नळीच्या बाकावरच्या भेगा

बुटीबोरीच्या एका पॅकेजिंग कारखान्यातून आमच्या रबर तपासणी लॅबमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळ्या आल्या. सोबतच्या चिठ्ठीत निकालही लिहिलेला होता: ‘माल डुप्लिकेट, उन्हाने फाटला.’ पुरवठादाराचं बिल अडकवून ठेवलं होतं. मे महिना, पारा ४५ च्या पुढे. या दिवसांत नागपुरात काहीही बिघडलं की खापर उन्हावरच फुटतं.

नळी भिंगाखाली धरली. नळी जिथे वाकते त्या बाकाच्या बाहेरच्या अंगाला बारीक भेगा, सगळ्या एकमेकींना समांतर आणि ताणाला आडव्या. त्याच नळीचा सरळ भाग मात्र गुळगुळीत. उष्णता असं निवडून काम करत नाही. उष्णता आणि ऑक्सिजन मिळून रबर सगळीकडूनच खराब करतात: नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटून ते मऊ, चिकट होतं, एसबीआर किंवा नायट्राइल या कृत्रिम रबरांमध्ये साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे नवे बंध (क्रॉसलिंक) पडून ते कडक, ठिसूळ होतं. ड्युरोमीटर लावला, तर बाक आणि सरळ भाग यांच्या कडकपणात फरक नव्हता. आतलं रबर ठणठणीत होतं. हे काम ओझोनचं होतं.

नैसर्गिक रबराच्या साखळीत दर पाच कार्बनांमागे एक दुहेरी बंध असतो, आणि व्हल्कनायझेशननंतरही, म्हणजे गंधकाने रबर पक्कं केल्यावरही, त्यातले बहुतेक शिल्लक राहतात. ओझोन नेमका तिथे घुसतो. ओझोनाइड तयार होतं, ते टिकत नाही, आणि साखळी त्याच जागी तुटते. रबर सैल असेल तर पृष्ठभागावर पातळ थर धरून हे थांबतं. ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं दूर सरकतात, खालचं ताजं रबर उघडं पडतं आणि भेग खोल जात राहते. हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे मोजके भागही त्याला पुरतात.

पण शेडमध्ये इतका ओझोन आला कुठून? मी मीटर घेऊन बुटीबोरी गाठली. प्लास्टिक फिल्मवर शाई धरावी म्हणून छपाईआधी ती कोरोना ट्रीटरमधून काढतात. तिथल्या उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. तो ब्लोअरने छताबाहेर सोडायचा असतो. इथे तर आत पाऊल टाकताच तो तिखट वास नाकात शिरला.

ऑपरेटर म्हणाला, “खोकला काही जाऊनच नाही राहिला साहेब. मले वाटलं, शाईचा वास असन.”

ब्लोअरच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला पाइप जोडणारी रबरी स्लीव्ह होती. मूळची ओझोन सोसणाऱ्या सिलिकोनची, मेंटेनन्समध्ये कधीतरी साध्या रबराची बसवली गेली होती. क्लॅम्पच्या कडेला, जिथे ताण सर्वांत जास्त, तिथे ती आरपार चिरली होती. बोट जाईल एवढी फट. खालूनच हवेच्या नळ्या गेल्या होत्या.

“आजचा माल निघू द्या, मग पाहू,” शिफ्ट इन्चार्ज म्हणाले. माझा आवाज चढला. आठ तासांच्या पाळीसाठी ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ही ओझोनची सर्वसाधारण मर्यादा, आणि मीटर त्याच्या वर दाखवत होता. फुफ्फुसांच्या अस्तरातल्या मेदाम्लांतही तसेच दुहेरी बंध असतात. ओझोन रबर आणि माणूस असा भेद करत नाही. ट्रीटर बंद करायला लावला, तेव्हाच मी तिथून हललो.

रिपोर्टमध्ये लिहिलं: मालात दोष नाही, पुरवठादाराचं बिल अडवू नये, ऑपरेटरची छाती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, स्लीव्ह सिलिकोनचीच बसवावी. नळ्यांसाठी कारखान्याला ईपीडीएम हे कृत्रिम रबर हवं होतं. त्यातले दुहेरी बंध मुख्य साखळीबाहेर असतात, त्यामुळे ओझोनने साखळी तुटत नाही. पण कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो आणि तेलाने ईपीडीएम फुगतं. म्हणून आतून तेल सोसणारं नायट्राइल आणि वरून ओझोनला जास्त टिकणाऱ्या निओप्रीनचं आवरण असलेली नळी सुचवली, आणि ती ट्रीटरपासून लांबून, शक्य तितकी कमी बाक देऊन न्यावी असंही लिहिलं.