घर विकायचंय, पण रंग नक्की कुठं कुठं मारायचा?

आईबाबांचं घर विकायचं ठरलं आणि त्याच संध्याकाळी दादाचा फोन, की चल सगळं घर रंगवून टाकू, पांढरंशुभ्र, एकदम नवं वाटेल. म्हटलं दादा थांब जरा, सगळं घर म्हणजे छतं आली, दारं आली, ग्रिल आलं, आणि घेणारा काय, राहायला यायच्या आधी स्वतःच्या आवडीचा रंग मारणारच आहे, मग आपण कशाला मरमर करायची. त्यावर तो म्हणाला, अगं घेणारा घरात पाऊल टाकतो तेव्हाच मनात बेरीज करत असतो, एक पोपडा दिसला की त्याला वाटतं आत पाइपपण गळत असणार. हे मात्र पटलं. म्हणजे प्रश्न घर नवं दिसण्याचा नाहीच, कुठं बघून त्याला शंका येईल तेवढंच शोधायचं.

आता ज्या घरात आपण वाढलो तिथले डाग आपल्याला दिसतच नाहीत हो. म्हणून मी बाहेर गेले, चप्पल घालूनच परत आत आले आणि मोबाइलवर फोटो काढत सुटले, प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून एक एक. मग रात्री ते फोटो बघितले तर बापरे! प्रत्येक स्विचबोर्डच्या भोवती बोटांचा काळपट पट्टा, मेन दाराच्या कडीपाशी रंग घासून लाकूड दिसतंय, आणि बेडरूमचं दार कायम उघडं असायचं त्यामुळे त्याची भिंतीकडची बाजू चक्क पिवळी पडलेली. ऑइलपेंटचं असंच असतं, उजेड मिळाला नाही की तो पिवळा पडतो, ते मळलेलं नसतं, कितीही पुसा जात नाही.

स्विचबोर्डच्या भोवती थोडा थोडा टच-अप करू असं आधी वाटलं होतं. चुकूनही करू नका. जुना रंग इतक्या वर्षांत फिका पडलेला असतो, त्यामुळे तोच शेड नंबर आणला तरी ठिगळ लावल्यासारखं दिसतं, डागापेक्षा वाईट. भिंत घ्यायची तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण घ्या, नाहीतर ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसून सोडून द्या. आमच्या निम्म्या भिंती नुसत्या पुसूनच सुटल्या.

मग आला सोफ्यामागचा डाग. बाबा रोज एकाच जागी बसून टीव्ही बघायचे, डोकं मागं टेकून, तर बरोब्बर त्या उंचीवर भिंतीवर केसांच्या तेलाचा गोल, ताटलीएवढा. दादाने उत्साहात त्याच्यावर उरलेल्या रंगाचे दोन हात मारले. चार दिवसांनी गोल परत हजर, जरासा पिवळसर, पण तोच. तेलाचा डाग पाण्याच्या, म्हणजे पाणी घालून पातळ करायच्या रंगातून वर येतोच, आधी साबणाच्या पाण्याने तेल काढायचं, वाळू द्यायचं, मग डाग अडवणारा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आणि मगच रंग. बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "अरे मग सोफा तिथंच ठेवा की!" आता काय बोलणार.

खरी डोकेदुखी बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची. खाली गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे, आणि हात फिरवला की पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे क्षार, भिंतीतलं पाणी बाहेर येताना ते बरोबर घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पेंटर म्हणाला खरवडून पुट्टी भरून देतो, कळणारपण नाही. कळणार नाही हे खरं, पण किती दिवस? ओल आत असताना वरून कितीही महाग रंग लावा, तो फुगून सुटतोच. आणि समजा सौदा होईपर्यंत टिकला, तरी ती फसवणूकच ना, मला नाही जमणार. आम्ही प्लास्टिकचा एक चौकोन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दिवसभर ठेवला, काढला तेव्हा भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब. थेंब बाहेरच्या बाजूला असते तर खोलीतल्या दमट हवेचे म्हणता आलं असतं, इथं सरळ भिंतीतूनच येत होतं. मग प्लंबर आला, एक जॉइंट गळत होता तो बदलला, आणि आता भिंत उघडीच ठेवलीय वाळायला. दादाची घाई चालूच आहे पण ओल्या भिंतीपुढे कुणाचं काय चालतं.

आता माझी लाज. कॉलेजात असताना मी माझ्या खोलीची एक भिंत गडद मोरपिशी केली होती, स्वतःच्या हाताने, आणि मला ती अजूनही आवडते!! पण फोटोत खोली डबीएवढी दिसते, सगळा उजेड ती भिंत पिऊन टाकते. म्हणून ती बदलायचीच ठरलं. असा गडद रंग नुसत्या दोन हातांनी झाकत नाही, आधी प्रायमर लागतो, नाहीतर हिरवट झाक मारत राहते.

रंग कुठला यावर परत भांडण. दादाचं पांढरंशुभ्र मी हाणून पाडलं, कारण अगदी पांढऱ्या भिंतीशेजारी जुन्या फरश्या आणि जुनी बटणं जास्तच कळकट दिसतात. किंचित उबदार ऑफव्हाइट घेतला. शेडकार्डच्या नखाएवढ्या तुकड्यावरून ठरवलं नाही, मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो फरशीला टेकवून सकाळी आणि रात्री ट्यूबच्या उजेडात बघितला. फिनिश मॅट, कारण चकाकीत भिंतीचे सगळे उंचवटे दिसतात. हॉल १५ बाय १२ चा, उंची १० फूट, दारंखिडक्या वजा करून ४६० चौरस फूट धरले, एका लिटरमध्ये एका हाताचे साधारण १०० ते १२० चौरस फूट होतात, म्हणजे दोन हातांना आठ-नऊ लिटर. दादा वीस लिटरचा डबा आणायला निघाला होता.

दारांना ऑइलपेंटच आहे का ते बघायला कापसावर स्पिरिट घेऊन घासलं, रंग सुटला नाही म्हणजे ऑइलच. त्याच्यावर पाण्याचा रंग तसाच लावला तर सालीसारखा निघतो, पॉलिश पेपर मारून प्रायमर लावावाच लागतो. म्हणून फक्त मेन दार आणि ते पिवळं पडलेलं दार, बाकीची नुसती पुसली. छतं सोडली. ग्रिलला जिथं गंज होता तेवढं खरवडून रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा गंज रोखणारा प्रायमर, आणि वर रंग. कपाटांना हात लावला नाही.

हॉलचा दीड लिटर रंग उरलाय. झाकण घट्ट लावून त्यावर शेड नंबर आणि कुठल्या भिंतीचा ते मार्करने लिहून ठेवलंय, चावीबरोबर देऊन टाकायला. बाथरूमकडच्या भिंतीवर मात्र काल परत प्लास्टिक चिकटवलं होतं, आज काढलं, अजून दोन थेंब आहेत.