तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रीनवर जुळतंय ना, मग रीप्रोजेक्ट कशाला करायचं?

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कधी फोनवर, कधी कुणी लॅपटॉप घेऊन थेट घरीच येतं. विचारायची तऱ्हा वेगळी असते पण मुद्दा हाच, की ताई, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅटेलाइट इमेज टाकली, वर गावाची हद्द टाकली, सगळं एकमेकांवर बरोब्बर बसतंय, मग तुम्ही ते रीप्रोजेक्ट रीप्रोजेक्ट काय लावलंय, उगाच एक फाइल वाढते. (रीप्रोजेक्ट करणं म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या एका पद्धतीतून फाइल दुसऱ्या पद्धतीत नेणं.)

प्रश्न चुकीचा नाहीये. बऱ्याचदा खरंच गरज नसते, ते पण पुढे सांगते. पण "जुळतंय" हा शब्द मला खटकतो, आणि तो का खटकतो हे सांगायचं तर मामांच्या बागेपासून सुरुवात करावी लागेल.

मामांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. मी हे काम नवीन नवीन शिकत होते तेव्हाची गोष्ट. बागेची हद्द मोबाइलच्या जीपीएसवर चालून घेतली, एका ऑनलाइन व्ह्यूअरमधून सेंटिनेल-२ या उपग्रहाची इमेज उतरवली, हद्दीनं क्लिप केली म्हणजे बाहेरचा भाग कापला, आणि आत किती पिक्सेल, म्हणजे इमेजच्या चौकटी, आले ते मोजले. पिक्सेल दहा बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे बरोब्बर एक आर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहिलेलं असतं आणि गुंठ्यात बोलायचं तरी गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास तेवढाच. एक पिक्सेल एक आर, हे गणित मला इतकं आवडलं होतं की काय सांगू. पिक्सेल आले ९१. मामांना फोन करून सांगितलं, तुमची बाग ९१ आर आहे. ते म्हणाले, "अगं, सातबाऱ्यावर ८० आहे. वरचे अकरा कुणाच्या बांधातून कोरले मी?"

मला वाटलं जीपीएस चुकलं. परत जाऊन हद्द चालले, तेच. स्क्रीनवर बघावं तर हद्द बांधावर बसतेय, विहिरीचा कोपरा विहिरीवर आहे, कुठे म्हणून कुठे फरक नाही. आणि अॅट्रिब्यूट टेबलमध्ये, म्हणजे हद्दीच्या फाइलसोबतच्या तक्त्यात, त्याच हद्दीचं क्षेत्र काढलं तर ८० च्या आसपास. एकाच स्क्रीनवर, एकाच बागेचे दोन आकडे.

झालं होतं असं की व्ह्यूअरनं इमेज दिली होती ईपीएसजी ३८५७ मध्ये (ईपीएसजी म्हणजे नकाशाच्या प्रत्येक पद्धतीला दिलेला नंबर), म्हणजे वेब मर्केटर, जे आपण मोबाइलवरच्या नकाशात रोज बघतो. मर्केटरमध्ये छोट्या जागेचा आकार शाबूत राहतो, चौकोनी शेत चौकोनीच दिसतं, पण विषुववृत्तापासून जसजसं वर जावं तसतसं सगळं ताणलं जातं. नाशिक २० अक्षांशावर. इथे लांबी सहा-सात टक्के ताणली जाते आणि क्षेत्र १३-१४ टक्के. ८० ला १.१४ नं गुणा, ९१. प्रॉपर्टीजमध्ये युनिट मीटर लिहिलेलं असतं म्हणून आपण बिनधास्त राहतो, पण तो मीटर जमिनीवरचा मीटर नाही.

मग जुळत कसं होतं? तर क्यूजीआयएस दाखवताना प्रत्येक लेयर प्रोजेक्टच्या सीआरएसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टसाठी निवडलेल्या नकाशाच्या पद्धतीत, जागच्या जागी बदलून दाखवतं, याला ऑन द फ्लाय म्हणतात, आणि ही सोय खरोखर फार मोठी आहे, पण ती डोळ्यांसाठी आहे. डिस्कवरची फाइल जशीच्या तशीच राहते. युनिक व्हॅल्यूज रिपोर्टसारखं पिक्सेल मोजणारं टूल चालवलं की ते फाइलमधली पिक्सेलांची जाळी बघतं, स्क्रीन नाही. आणि हद्दीचं क्षेत्र ८० आलं ते का, तर तिथे क्यूजीआयएस पृथ्वीचा एलिप्सॉइड, म्हणजे तिचा किंचित चपटा गोल आकार, धरून हिशोब करतं. म्हणजे दोन्ही आकडे सॉफ्टवेअरनं प्रामाणिकपणेच दिले होते, मी कशातून मोजतेय ते मला माहीत नव्हतं.

म्हणून माझं पहिलं उत्तर असं, की बघायचं असेल तर रीप्रोजेक्ट करू नका, मोजायचं असेल तर आधी फाइल कशात आहे ते बघा. नाशिक जिल्ह्यासाठी मोजायचा सीआरएस म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे केलेत, ४३ वा पट्टा ७२ ते ७८ रेखांश, मधली रेघ ७५ वर. इगतपुरीपासून मालेगावपर्यंत आणि सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत सगळा जिल्हा यात आरामात बसतो. नाशिक शहरापाशी या पट्ट्यात लांबीचा फरक पडतो तो किलोमीटरला साधारण वीस सेंटिमीटर, बागेच्या हिशोबात तो धरायची पण गरज नाही. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडचं काम असेल तर मात्र ४४ वा पट्टा, तिकडचे लोक पण कधी कधी माझे आकडे उचलतात म्हणून सांगितलं.

आता दुसरी बाजू, जी कुणी सांगत नाही. सेंटिनेल-२ ची मूळ टाइल, म्हणजे इमेजचा ठरावीक तुकडा, तुम्ही थेट उतरवली तर ती आधीच यूटीएममध्ये असते. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहाची पण. मग तिला परत वार्प, म्हणजे रीप्रोजेक्ट, करायचंच नाही! लोक हद्दीची केएमएल फाइल घेतात, केएमएल नेहमी अक्षांश-रेखांशात म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये असते, आणि तिच्याशी जुळावी म्हणून इमेज ४३२६ मध्ये नेतात. उलटं करा. हद्द म्हणजे नुसते बिंदू, ते कितीही वेळा इकडून तिकडे नेले तरी काही बिघडत नाही. रास्टर, म्हणजे पिक्सेलांची इमेज, हलवलं की नवीन जाळी टाकावी लागते, आणि नवीन चौकटीत कुठला आकडा भरायचा हे जुन्या चौकटींवरून ठरवावं लागतं. मूळ मोजमाप तिथेच संपतं, पुढे उरतो तो अंदाज. म्हणून हद्दीला इमेजकडे न्या, इमेजला हद्दीकडे नेऊ नका, आणि न्यावीच लागली तर एकदाच न्या.

अंदाज कसा बांधायचा यालाच रिसॅम्पलिंग म्हणतात आणि वार्पच्या खिडकीत तो एक ड्रॉपडाउन असतो जो निम्मे लोक बघतच नाहीत. एका विद्यार्थिनीनं गंगापूर धरणाच्या परिसराचा नकाशा केला होता, त्यात तीन वर्ग, १ म्हणजे पाणी, २ म्हणजे द्राक्षबाग, ३ म्हणजे मोकळी जमीन. मे महिन्यातली इमेज, पाणी खाली गेलेलं आणि काठाला सगळा उघडा मुरूम. वार्प केल्यावर धरणाभोवती एक पिक्सेल जाडीची द्राक्षबागांची सलग माळ उमटली. ती बिचारी दोन दिवस विचार करत होती की धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, गाळपेरा म्हणतात, तो हाच का. तसं काही नव्हतं, तिनं बायलिनीअर निवडलं होतं, आणि बायलिनीअर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतं. पाण्याचा १ आणि मुरुमाचा ३, सरासरी २. द्राक्षं! दहा किलोमीटरचा काठ धरला तर दहा मीटर जाडीनं दहा हेक्टर द्राक्षबाग नुसत्या सरासरीतून उगवते. वर्गांचे आकडे ही नावं असतात, नावांची सरासरी निघत नाही, तिथे नीअरेस्ट नेबर, म्हणजे सगळ्यात जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा, हेच घ्यायचं. उंची, तापमान, एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा आकडा) असल्या सलग बदलणाऱ्या गोष्टींना बायलिनीअर चालतं.

अजून एक गोंधळ रोजचा आहे, असाइन आणि वार्प यातला. असाइन प्रोजेक्शन म्हणजे डब्यावरचं लेबल बदलणं, आतलं धान्य तेच. वार्प म्हणजे धान्य दळून आणणं. लेबल हरवलं असेल आणि आत काय आहे ते तुम्हाला खात्रीनं माहीत असेल तरच असाइन. नाहीतर काय होतं बघा, अक्षांश-रेखांशातल्या फाइलला नुसतं ३२६४३ चं लेबल लावलं तर नाशिकचे ७३.७८ आणि २० हे अंश मीटर समजले जातात आणि अख्खा जिल्हा दोन-एक मीटरचा होऊन मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर समुद्रात जाऊन पडतो. "ताई, इमेज गायब झाली" असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, असाइन केलं का, आणि उत्तर बहुतेक वेळा हो असतं. ओळखायला सोपं आहे, यूटीएममध्ये नाशिक शहराचा पूर्वेकडचा आकडा साधारण ३ लाख ७२ हजार आणि उत्तरेकडचा २२ लाख ११-१२ हजारांच्या आसपास येतो. लेबल ३२६४३ आणि एक्स्टेंटमध्ये, म्हणजे फाइलच्या चारही कडांच्या आकड्यांत, ७३, ७४ असे आकडे दिसले की समजायचं.

ज्यांना उंचीचं काम असतं, म्हणजे पाणलोट, उतार, समतल चर, त्यांना मात्र मी वार्प करायलाच सांगते. एसआरटीएमचा उंचीचा डेटा, जो फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलमधून रडारनं घेतला, तो मिळतो अंशांत. त्याच्या टाइल्स एक-एक अंशाच्या आणि २० अक्षांशाची रेघ नेमकी आपल्या शहरातून जाते, त्यामुळे पंचवटी एका टाइलमध्ये आणि नाशिकरोड दुसरीत, दोन्ही उतरवून जोडाव्याच लागतात. जोडून ब्रह्मगिरीचा उतार काढला तर सगळीकडे ८९ अंश. त्र्यंबकचा कडा पण ८९ आणि गावातला रस्ता पण ८९. कारण उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशात, ०.०००२८ आडवं जाऊन एक मीटर चढला तर भिंतच होणार ना. काही टूलमध्ये स्केल द्यायची सोय असते पण मी सांगते सरळ ३२६४३ मध्ये वार्प करा, बायलिनीअर, रिझोल्युशन ३० (म्हणजे ३० मीटरचा पिक्सेल) स्वतः लिहा, आणि नोडेटा, म्हणजे रिकाम्या जागेसाठीचा आकडा, पण लिहा, नाहीतर कडेच्या काळ्या तिरक्या पट्ट्यांतली शून्यं खरी उंची म्हणून हिशोबात येतात.

हे सगळं बरोबर केलं तरी एक गोष्ट सीआरएसमध्ये नाही, आकड्यांमध्येच असते, आणि तिनं मला सगळ्यात जास्त घाबरवलंय. मामांच्या बागेचा एनडीव्हीआय मी वर्षानुवर्षं काढतेय, बँड ८ (इन्फ्रारेड) वजा बँड ४ (लाल) भागिले दोघांची बेरीज. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तो खाली येतो, ऑक्टोबर छाटणीनंतर परत खाली येतो, मधले पावसाचे महिने ढगात जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये, बाग भरात असताना, जिथे आधी ०.७५ यायचा तिथे ०.५ आला. फोन हातात घेतला होता मी, मामांना सांगायला की पानांवर काहीतरी आलंय. द्राक्षवाल्याला असा फोन म्हणजे त्याच दिवशी फवारणी, मजूर, ट्रॅक्टर, हजारोंचा खर्च. सुदैवानं आधी आकडे उघडून बघितले. सेंटिनेलचा डेटा देणाऱ्या युरोपियन स्पेस एजन्सीनं २५ जानेवारी २०२२ पासून प्रोसेसिंग बेसलाइन ०४.००, म्हणजे डेटा तयार करायची नवी पद्धत, आणली, त्यात प्रत्येक पिक्सेलमध्ये १००० मिळवलेले असतात. आधी लाल ५००, इन्फ्रारेड ३५००, तर ३००० भागिले ४०००, ०.७५. आता तेच १५०० आणि ४५००, ३००० भागिले ६०००, ०.५. बाग ठणठणीत होती. फाइलच्या नावात एन नंतर चार आकडे असतात, ते ०४०० किंवा पुढचे असले तर आधी १००० वजा करायचे, मगच इंडेक्स. काही ठिकाणी हे वजा करूनच डेटा देतात, ते पण तपासायचं, नाहीतर दोनदा वजा होतं.

कुणी विचारतं की मग पैसेवालं सॉफ्टवेअर घेतलं तर हे टळेल का. नाही टळणार, पृथ्वी तिथे पण गोलच आहे. आणि क्यूजीआयएसमधलं वार्पचं बटण दाबता तेव्हा आतून जीडॅल नावाचं सॉफ्टवेअर चालतं, जे फ्रँक वॉर्मर्डम यांनी सुरू केलं, आणि त्याच्या पोटात प्रोज, म्हणजे एका पद्धतीतून दुसरीत न्यायचं गणित करणारं सॉफ्टवेअर, ज्याचं मूळ काम अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातल्या जेरल्ड इव्हेंडेन यांनी १९८० च्या दशकात केलं. क्यूजीआयएस स्वतः गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. इतक्या लोकांनी इतकी वर्षं झटून केलेलं हे सगळं दिंडोरीतल्या एका बागेसाठी फुकट वापरता येतं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता प्रश्न पाठवाल तेव्हा स्क्रीनशॉट नको. लेयर प्रॉपर्टीजमध्ये इन्फर्मेशनवर जा आणि तिथला सीआरएस, पिक्सेल साइज, एक्स्टेंट आणि नोडेटा एवढं लिहून पाठवा, निम्म्या वेळा ते लिहितानाच तुम्हाला उत्तर दिसेल.

आणि परवा ज्यांनी नांदूर मध्यमेश्वरची फाइल पाठवली त्यांच्यासाठी: तुमची इमेज ३२६४३ मध्येच आहे, पिक्सेल १० चा आहे, तिला हात लावू नका. अभयारण्याच्या हद्दीची केएमएल ३२६४३ मध्ये एक्स्पोर्ट करा आणि तिनं क्लिप करा. पाण्याचा इंडेक्स काढाल तेव्हा जिथे पाणवेली पसरलीय तिथे पाणी दिसणार नाही, हिरवं झाड म्हणूनच मोजलं जाईल, ते क्षेत्र वेगळं काढून पाण्यात मिळवावं लागेल. ते कसं ते रविवारी सकाळी या, बसून करू.