बेलच्या पाटीत न मावणारी आडनावं

वितोरियातल्या त्या इमारतीच्या दारात बॅग टेकवून मी उभी होते आणि नेमकी कुठली बेल दाबायची ते कळेना. पितळी पाटीवर दहा-बारा बटणं. प्रत्येकाशेजारी दोन पेरं लांबीची चिठ्ठी आणि तिच्यात कोंबलेलं आडनाव. नुसतं गार्सिया किंवा नुसतं लोपेस फार थोड्या ठिकाणी. बाकी सगळी अशी: लोपेस दे लाकाये, ओर्तिस दे सारते, रुईस दे गाउना. जागा पुरेना म्हणून कुणी मार्तीनेसचं 'म्स.' केलेलं, तर कुणी फेर्नांदेसचं 'फ्स.'. मधला 'दे' आणि शेवटचं गाव मात्र सगळ्यांनी पूर्ण लिहिलेलं. काटछाट करायची तर बापाच्या नावाची, गावाला हात लावायचा नाही, असा काहीतरी इथला शिरस्ता दिसला.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेश आहे. त्यातला समुद्र नसलेला जिल्हा म्हणजे आलावा, आणि वितोरिया ही त्याची राजधानी. बिल्बाओ आणि सान सेबास्तिआनला जाणारे पर्यटक इथे सहसा थांबत नाहीत. मीही थांबले नसते. पण कामाच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका इथल्या मुलीच्या विमानाच्या पासवर तिचं आडनाव एका दमात, मध्ये कुठेही जागा न सोडता छापलेलं पाहिलं होतं. शेवटची दोन अक्षरं तर गायबच. "आमच्याकडे सगळ्यांचंच असं होतं," ती म्हणाली. "येऊन बघ." म्हणून आले.

घरमालकीण बाई सत्तरीच्या. मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे पाण्याच्या ग्लासाबरोबरच फॉर्म आला. पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. दुसरं नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आईचं काय केलंस मग?"

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. 1870 च्या नागरी नोंदणी कायद्याने आणि मग 1889 च्या नागरी संहितेने ही पद्धत पक्की झाली. 2017 पासून कुणाचं आधी लावायचं ते आईबापांनी ठरवायचं असतं. इथपर्यंत मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की 'लोपेस दे लाकाये' हे सगळं मिळून एकच आडनाव धरतात. म्हणजे आई-बाप दोघेही आलावाचे निघाले तर पोराच्या वाट्याला लोपेस दे लाकाये ओर्तिस दे सारते अशी मालगाडी येते. इंजिन म्हणून पुढे नाव जोडायचं ते वेगळंच.

या आडनावांचा सांगाडा समजायला मराठी माणसाला दोन मिनिटंही लागू नयेत. रमेश गणपत सातारकर घ्या: रमेश, गणपतचा मुलगा, साताऱ्याचा. पेद्रो लोपेस दे आयाला हेही तसंच: पेद्रो, लोपेचा मुलगा, आयालाचा. 'एस' हा प्रत्यय म्हणजे 'चा मुलगा'. लोपेचा लोपेस, मार्तीनचा मार्तीनेस, रुईचा (म्हणजे रोद्रिगोचा) रुईस, ओर्तूनचा ओर्तिस. फरक एवढाच, की आपल्याकडे मधलं नाव दर पिढीला बदलतं आणि त्यांचं कधीतरी गोठलं. आज ज्याचं आडनाव लोपेस आहे त्याच्या सात पिढ्यांत कुणी लोपे झाला असेल असं नाही.

आणि हे गोठणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार जुनं आहे. कास्तीया (कॅस्टाइल) या जुन्या स्पॅनिश राज्याचा चान्सलर, कवी आणि बखरकार पेरो लोपेस दे आयाला 1332 साली याच वितोरियात जन्मला. त्याच्या वडिलांचं नाव फेर्नान पेरेस दे आयाला. नियमाने पोरगा 'फेर्नांदेस' व्हायला हवा होता. झाला लोपेस, कारण आजोबा पेरो लोपेस होते. आजोबाचं नाव नातवाला ठेवताना बापाच्या नावासकट अख्खं उचलून ठेवलं. चान्सलरच्या मुलाचं नाव काय असेल? फेर्नान पेरेस. सहाव्या-सातव्या वर्गातल्या मुलांना हे घराणं पाठ करायला लावत असतील तर त्यांची मला कीव येते.

लोपे शब्द लॅटिन 'लुपुस'वरून आला, म्हणजे लांडगा. इथल्या पाट्यांवर 'ओचोआ दे एरिबे' अशीही आडनावं भेटतात. बास्क भाषेत लांडग्याला म्हणतात 'ओत्सो', आणि ओचोआ त्यावरूनच. एकाच जिन्यात पहिल्या मजल्यावर लॅटिन लांडगा आणि तिसऱ्यावर बास्क लांडगा, असं सहज होऊ शकतं.

मग प्रश्न उरतो की आलावातच का? एकेकाळी अशी नावं स्पेनभर होती. शेजारच्या गिपुस्कोआत जन्मलेला ईन्यीगो लोपेस दे लोयोला हा पुढे जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस झाला, आणि जगाने लोपेस विसरून लोयोला तेवढं ठेवलं. बिस्काया आणि गिपुस्कोआ या समुद्राकडच्या दोन बास्क जिल्ह्यांत बहुतेकांचं तसंच झालं. बापाचं नाव गळालं, वाड्याचं किंवा वाडीचं राहिलं. खाली कास्तीयात नेमकं उलटं: गाव गळालं, नुसते लोपेस आणि पेरेस उरले. आलावा मधोमध, दोन्ही भाषांच्या शिवेवर. इथे दोन्ही टिकलं. पटणारं आणखी एक कारण ऐकलं. इथल्या सपाटीवर तासाभराच्या चालीत चार-पाच गावं लागतात, प्रत्येकात मूठभर घरं. शेतकरी असले तरी बरेचजण स्वतःला 'इदाल्गो' म्हणवत, म्हणजे करमाफी असलेले कुलीन. ते कुळ कोर्टात सिद्ध करायचं तर कुठल्या गावचे हे सांगता आलं पाहिजे. नुसत्या मार्तीनेसला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सायकल भाड्याने घेतली. वितोरियाच्या पूर्वेला साल्बुरुआची पाणथळ ओलांडली की मैदान उघडतं. कापलेल्या गव्हाचे सड, मध्येच बटाट्याची हिरवी चौकट. आलावाच्या लोकांना शेजारी चिडवायला 'बाबासोरो' म्हणतात, बास्कमध्ये बाबा म्हणजे घेवड्यासारख्या शेंगेचं बी आणि सोरो म्हणजे पोतं. घेवड्याची पोती! इथल्या फुटबॉल क्लबाच्या चाहत्यांनी ती शिवी उचलून अभिमानाने मिरवायला घेतली, हे आपल्याकडेही होतंच. रस्त्यावर दर दहा मिनिटांनी गावाच्या नावाची पांढरी पाटी येते, आणि प्रत्येक पाटीला मी मनातल्या मनात आधीचा डबा जोडत होते. गावाच्या वेशीवर आडनावाचं शेपूट भेटतं.

मला पोचायचं होतं गेवाराला. आपण मराठीत चे गव्हेरा लिहितो तोच हा शब्द, आणि तो मुळात या टेकडीखालच्या चिमुकल्या गावाचा. अर्जेंटिनातल्या त्या डॉक्टरच्या नावात गाव तेवढं पोचलं, पुढचा डबा वाटेत कुठेतरी सुटला. अमेरिकेत तसं पुष्कळ झालं. 'ओर्तिस दे सारते'मधला एक हुआन सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाताचा आदेलान्तादो, म्हणजे राजाने नेमलेला मुलुखाचा प्रमुख झाला. आज लॅटिन अमेरिकेत नुसते सारते ढिगाने भेटतात.

गेवाराचं पूर्ण आडनाव मात्र अजून जिवंत आहे आणि ते अफलातून आहे: लाद्रोन दे गेवारा. आजच्या स्पॅनिशमध्ये शब्दशः 'गेवाराचा चोर'. दंतकथा अशी, की शेजारच्या नावार्रा राज्याची गरोदर राणी दऱ्याखोऱ्यांतून जाताना अरबांच्या हल्ल्यात मारली गेली. तिच्या जखमेतून बाळाचा हात बाहेर आलेला एका सरदाराने पाहिला, पोट फाडून पोर काढलं, गुपचूप वाढवलं आणि पुढे दरबारात आणून उभं केलं. पोर राजा झालं. सरदाराने ते मरणाकडून 'चोरलं' म्हणून तो लाद्रोन. गोष्ट झकास आहे आणि अर्थातच नंतर रचलेली. खरं पाहता लाद्रोन हे बाराव्या शतकात इथे चक्क पाळण्यातलं नाव होतं. वेलाचा मुलगा ईन्यीगो वेलेस, त्याचा मुलगा लाद्रोन ईन्यीगेस, त्याचा मुलगा पुन्हा वेला लाद्रोन. आयाला घराण्यापेक्षा दोनशे वर्षं आधी, तेव्हा नावं अजून वाहती होती. लॅटिन 'लात्रो'चा एक जुना अर्थ भाडोत्री शिपाई असाही आहे, त्यामुळे पाळण्यात ते शोभतही असेल. आणि आपण हसायचं कारण नाही. चोरगे आणि चोरघडे आपल्यातच आहेत, आणि चारचौघांत ताठ मानेने आहेत.

सायकल खाली लावून टेकडी चढले. वर किल्ल्याचं उरलंय काय, तर बुरुजाचा एक उभा सुळका, बाजूने फाटलेला, आणि पायाशी काटेरी झुडपांत दगडांचा खच. पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला स्पेनच्या गादीवरून पेटलेल्या पहिल्या कार्लिस्ट युद्धात बंडवाल्यांचा अड्डा होता. युद्ध संपता संपता, 1839 साली, सुरुंग लावून उडवला. गेवाराच्या धन्यांनी त्याआधी काही शतकं इथल्या भाऊबंदकीत 'गाम्बोआ' नावाच्या गटाचं पुढारपण केलं होतं. विरुद्ध बाजू ओन्यासची. दोन्हींनी एकमेकांची घरं जाळण्यात पिढ्या घालवल्या. वारा इतका होता की टोपी हातात धरूनच उभं राहावं लागलं. वायव्येला, त्याच गाम्बोआच्या मुलखात, पाणी चकाकत होतं.

तिकडे वळण्याआधी एक सांगते. स्पेनच्या सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं की ते कुठल्या प्रांतात किती जणांचं आहे याचा नकाशा निघतो. मी त्या नादात आदल्या रात्री दोन तास घालवले. रुईस दे गाउना, ओर्तिस दे सारते टाका, सगळा नकाशा फिका आणि आलावाचा छोटा तुकडा गडद. आजूबाजूला बिस्काया, गिपुस्कोआ, पोटासाठी गेलेल्यांचं माद्रिद. लाद्रोन दे गेवारा मात्र देशभर सांडलेलं. सरदार घराणं राजांबरोबर दक्षिणेकडे सरकत गेलं. पुढे 1710 ते 1716 या काळात पेरूचा व्हाइसरॉय असलेला बिशपसुद्धा लाद्रोन दे गेवाराच. चोराच्या हाती तिजोरी, हा विनोद लिमात कुणी केला नसेल असं मला वाटत नाही. शेतकऱ्यांची आडनावं शेताजवळ राहिली, सरदारांची फिरली. नकाशा बघताना एवढं लगेच दिसतं.

आता पाणी. सादोरा नदीवर उयीबारी-गाम्बोआचं धरण 1957 साली पुरं झालं. 147 दशलक्ष घनमीटर, म्हणजे पाच टीएमसीच्या वर थोडं. कोयनेपुढे हे तळंच. पण बिल्बाओ आणि वितोरिया दोन्ही शहरं हे पाणी पितात. त्याखाली मेंदिसाबाल, ओरेनिन, असूआ, गारायो अशी गावं गेली, काही पूर्ण, काही अर्धीमुर्धी. गाम्बोआची वेगळी पालिका होती, तीही मोडून शेजाऱ्यांत वाटली.

आणि असूआ हे रुईस दे असूआ या आडनावाचं शेपूट. गारायो हे दियास दे गारायोचं. त्या आडनावाचा एक हुआन आलावाभर कुप्रसिद्ध आहे: बायकांचे खून केले म्हणून 1881 साली वितोरियात त्याला देहान्त शासन झालं. लोकांनी त्याला 'साकामान्तेकास', म्हणजे चरबी काढणारा, असं नाव ठेवलं आणि पुढच्या पिढ्यांनी पोरांना झोपवायला बागुलबुवा म्हणून वापरलं.

गारायोला आता बाग आहे. पोहायला येणाऱ्यांसाठी काठ, सावलीला ओक, सायकलींची वाट. सप्टेंबर असल्याने पाणी थोडं उतरलेलं, काठावर हातभर रुंद वाळलेल्या चिखलाची पट्टी. तिच्यावर एक करडा बगळा इतका निश्चल उभा होता की आधी मला तो खांब वाटला. दोन बायका पाय पाण्यात सोडून पाव आणि बटाट्याचं ऑम्लेट खात बसल्या होत्या. उजनीत उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर येतं तसं इथे काही दिसतं का, म्हणून मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. काही दिसलं नाही. बगळा उडाला.

संध्याकाळी परतले तेव्हा घरमालकीण बाई स्वयंपाकघरात कालचा फॉर्म घेऊनच बसल्या होत्या. कुठे गेले होते ते सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. "किती उतरलंय?" मी हाताने दाखवलं. "म्हणजे काही दिसलं नसणार," म्हणाल्या. त्यांच्या आईच्या आडनावाच्या शेवटचं गाव त्याच पाण्यात आहे, हे त्यांनी नंतर भांडी विसळता विसळता, पाठमोऱ्यानेच सांगितलं. आई लग्न होऊन तिथून बाहेर पडलेली, धरणाच्या आधी.

मग हात पुसून त्यांनी पेन उचललं आणि फॉर्मवरच्या रिकाम्या चौकटीवर ठेवलं. आईचं आडनाव सांग.

"आजरेकर."

एकेक अक्षर विचारून त्यांनी लिहून घेतलं. 'कर' म्हणजे काय विचारलं. तुमचा 'दे', फक्त मागून लागतो, मी म्हटलं. त्यांना ते फार आवडलं. मग गाव कुठे, ते दाखव म्हणाल्या. मी फोनवर नकाशा उघडून आजरा शोधायला लागले आणि त्या कपाळावरचा चष्मा टेबलभर शोधायला लागल्या.