फँटमची तीन रिळं आणि आंबूस वासाचा फ्रँकेन्स्टाईन

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की 'द फँटम ऑफ द ऑपेरा'ची सुपर ८ रिळं (घरी दाखवायच्या ८ एमएम रुंद फिल्मची) मिळण्याची आशा आहे. मिळाली! पूर्ण संच नाही. चारपैकी पहिलं, दुसरं आणि चौथं. तिसरं कुठे गेलं ते देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तरीसुद्धा डबे उघडताना माझे हात गार पडले होते. लॉन चेनी या नटाचा हा मूकपट मी रिळं जमवायला लागले त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिल्या ओळीत आहे.

डबा उघडला की आधी नाक पुढे करायचं, डोळे नंतर. व्हिनेगरचा वास आला तर फिल्म आंबायला लागली असं समजायचं. इथे तो अजिबात नाही. मग रीळ दिव्यासमोर आडवं धरलं. गुंडाळलेल्या थरांमधून उजेड आरपार आला, म्हणजे बेस, फिल्मची मूळ पट्टी, पॉलिस्टरचा. हे कळून जीव भांड्यात पडला, कारण पॉलिस्टर आंबत नाही. फक्त दोन गोष्टींचं भान ठेवावं लागतं. त्याला फिल्म सिमेंटचा (फिल्म विरघळवून चिकटवणाऱ्या द्रावाचा) जोड बसत नाही, टेपचाच लावावा लागतो. आणि प्रोजेक्टरमध्ये अडकलं तर फिल्म तुटत नाही, मशीनचा एखादा भाग मोडतो. दुसऱ्या रिळात दोन जुने टेपचे जोड होते, गोंद बाहेर येऊन शेजारच्या फ्रेमवर पसरलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घेऊन एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. फ्रेम मात्र एकही कापावी लागली नाही.

नवीन आलेलं रीळ मी थेट प्रोजेक्टरवर कधीच चढवत नाही. आधी हाताने फिरवत, खालून उजेड देत, भिंगातून बघते. पहिल्या रिळाचा लीडर, म्हणजे टोकाची कोरी पट्टी, संपला, नावं सरकली आणि तो दिसला. काळोख्या तळघरात हातात कंदील घेतलेला माणूस.

तो दिसला आणि मन खट्टू झालं. ज्यांनी या चित्रपटाच्या आवृत्त्यांमध्ये डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी कारण सांगते. चित्रपट १९२५ चा. पुढे बोलपट आल्यावर युनिव्हर्सलने काही दृश्यं नव्याने चित्रित करून, ध्वनी जोडून, १९३० मध्ये तो पुन्हा प्रदर्शित केला. आज आपण जी स्वच्छ, सुंदर ३५ एमएम प्रत बघतो ती या दुसऱ्या आवृत्तीच्या घराण्यातली आहे. कंदीलवाला त्याच घराण्याची खूण. १९२५ ची मूळ मांडणी प्रामुख्याने टिकली ती युनिव्हर्सलने घरी दाखवण्यासाठी काढलेल्या १६ एमएम 'शो-अ‍ॅट-होम' प्रतींमुळे. त्या प्रती झिजलेल्या, ओरखडे पडलेल्या आहेत, पण प्रेक्षकांनी १९२५ मध्ये जे पाहिलं त्याच्या सर्वांत जवळ नेतात त्याच. छोट्या गेजला, म्हणजे कमी रुंदीच्या फिल्मला, 'गरिबाची प्रत' म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देते. माझ्या रिळांत त्या १६ एमएमचा वंश सापडेल अशी आशा होती.

एका खुणेवर निकाल द्यायचा नाही म्हणून पुढे फिरवत गेले. दुसरी खूण कार्लोटाची, कथेतल्या ऑपेरा गायिकेची. मूळ चित्रपटात व्हर्जिनिया पिअर्सन ही कार्लोटा होती. बोलपटासाठी गाणारी कार्लोटा म्हणून मेरी फेबियनला घेतलं, आणि पिअर्सनच्या जुन्या दृश्यांना नवी पाटी (मूकपटात मधे दिसणारा मजकूर) लागली, 'कार्लोटाची आई'. माझ्या रिळात ती पाटी आहे. म्हणजे शंका उरली नाही. वहीत नोंद केली: 'पुनर्प्रदर्शनाच्या घराण्यातली प्रत, पॉलिस्टर, कृष्णधवल, मूक'. डब्यावर मात्र ठळक १९२५ छापलंय. म्हणून कळकळीने सांगते, सौदा ठरवण्याआधी डब्याचा फोटो मागू नका, पहिल्या पाचेक फुटांचा आणि पहिल्या चार पाट्यांचा मागा.

प्रत हवी ती निघाली नाही म्हणून ती परत द्यावी असं एकदाही वाटलं नाही. कॉन्ट्रास्ट असा आहे की गटारातल्या पाण्यावरचा उजेडही वेगळा दिसतो.

आता दुसरी, काळजीची गोष्ट. घरी दाखवायच्या छोट्या फिल्म विकणाऱ्या कॅसल फिल्म्सचा 'फ्रँकेन्स्टाईन', साधा ८ एमएम (सुपर ८ च्या आधीचा प्रकार), २०० फुटी डबा. १९३१ च्या सत्तर मिनिटांच्या बोलपटाचा मूक संक्षेप, संवाद चित्रावरच छापलेले. साध्या ८ एमएममध्ये एका फुटात ८० फ्रेम बसतात, म्हणजे रीळ पूर्ण भरलेलं असलं तरी सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने पंधरा मिनिटांच्या आतच आटोपतं. एवढ्यात काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणारा संकलक कोण होता ते डब्यावर लिहिलेलं नाही, पण त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बोरिस कार्लॉफचा चेहरा पहिल्यांदा दिसतो तिथे त्याने घाई केलेली नाही.

या डब्याला आता आंबूस वास येतोय. अ‍ॅसिटेट (पॉलिस्टरच्या आधीचा फिल्मचा बेस) एकदा आंबायला लागलं की त्यातून सुटणारं आम्लच पुढची झीज वाढवतं, शिवाय शेजारच्या रिळांनाही लागतं. डब्यात आम्ल ओळखणारी निळी पट्टी ठेवली, दुसऱ्या दिवशी ती हिरवट झाली होती. पिवळी नाही, एवढाच दिलासा. मग आकसणं मोजलं. साध्या ८ एमएमच्या शंभर फ्रेम ३८१ मिलिमीटर भरायला हव्यात. माझ्या भरल्या ३७८.५. म्हणजे पाऊण टक्क्याच्या आत. एक टक्का ओलांडला की प्रोजेक्टरचा पंजा, म्हणजे फिल्म पुढे ओढणारा आकडा, छिद्रं फाडायला लागतो, तेव्हा अजून थोडा अवकाश आहे. रीळ बाकीच्यांपासून वेगळं केलंय, हवा खेळेल अशा डब्यात, थंड आणि कोरड्या जागी. आता ते फक्त एकदा स्कॅनरवरून जाईल.

हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत 'ड्रॅक्युला'चा तुकडाही याच खेपेत आला. सायन (निळसर हिरवा) रंग उडून सगळं गुलाबी झालंय. दुसरी प्रत मिळेपर्यंत ठेवते.

शेवटी पुन्हा फँटमकडे. काल रात्री दुसरं रीळ पहिल्यांदा पडद्यावर लावलं. एरिक, म्हणजे मुखवटा घातलेला फँटम, ऑर्गन वाजवतोय, पाठमोरा. गायिका ख्रिस्तीन मागून दबकत येते. तिची बोटं मुखवट्याकडे जातात, थबकतात, मागे येतात, पुन्हा जातात. आणि तिथेच लीडर सुरू झाला, पडदा पांढरा. मुखवटा उतरतो तो तिसऱ्या रिळात. तुमच्यापैकी कुणाकडे सुटं तिसरं असेल, अगदी ओरखडलेलं, जोडांनी भरलेलं असेल, तरी मला कळवा. पहिली पाटी कोणती आहे तेवढं आधी सांगा.