माझा रात्रीचा अडकित्ता

साताऱ्यात एका पतसंस्थेत मी हिशेब बघतो. मार्च म्हणजे आमची लगीनघाई. गेल्या फेब्रुवारीत उजवा कान ठणकायला लागला. सकाळी उठल्या उठल्या जास्त, अकरापर्यंत कमी. कानाच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, "कान स्वच्छ आहे, दात दाखवा." दुखतोय कान आणि दाखवायचे दात! आठ दिवस गेलोच नाही. उलट लसणाचं तेल घातलं कानात. (ते करू नका.)

दातांच्या डॉक्टरांनी कानापुढे, जबड्याच्या कोपऱ्यात बोट दाबलं आणि मी कळवळलो. मग आरसा हातात दिला. सुळ्यांची टोकं झिजून सपाट, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. "झोपेत दात खाता?"

मी नाही म्हणालो. बायको शेजारीच होती. "रोज रात्री अडकित्ता चालतो यांचा. सासूबाई म्हणतात, जंत झाले असतील."

जंत नव्हते. "कसला ताण आहे का?" मी म्हटलं, "छे! झोप लागते, जेवण जातं." ताण म्हणजे रात्र रात्र जागणं, अशीच माझी समजूत. डॉक्टर म्हणाल्या, ताण आला की शरीर पळायला नाहीतर भिडायला तयार होतं, स्नायू आवळतात. खुर्चीत बसून तुम्ही दोन्ही करत नाही, मग जबडा आवळला जातो. चावायचा स्नायू कानाला लागूनच, म्हणून कळ कानात. ताण हे एकच कारण नसतं, चहा-कॉफीनंही हे वाढतं. मी सात कप घ्यायचो.

दातांचं माप घेऊन रात्री घालायची प्लेट करून दिली. पहिले तीन दिवस उशी लाळेनं ओली, आणि प्लेट सकाळी पांघरुणात. पण ती फक्त दात वाचवते, सवय मोडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

खरं काम दिवसा होतं. ओठ मिटलेले, दात सुटे, एवढंच लक्षात ठेवायचं. बायकोची लाल टिकली मॉनिटरच्या कोपऱ्यात चिकटवली. नजर गेली की जबडा तपासायचा. पहिल्या दिवशी जवळजवळ दर वेळी दातावर दात. तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, जुळेना की हमखास. साहेबांचा फोन वाजला की उचलण्याआधीच. चहा तीन कपांवर आणला, चारनंतर बंद. गालाला गरम फडक्याचा शेक.

एप्रिलच्या मध्यावर कानाचा ठणका थांबला. तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी प्लेट उजेडात धरली. उजव्या बाजूला खोल चरे पडले होते.

"हा तुमचा मार्च," त्या म्हणाल्या.