कारण विचारू नये

2022 चा पाडवा 2 एप्रिलला, शनिवारी आला. माझं औषधांचं दुकान गोव्यातल्या डिचोलीत. सणामुळे दुपारी बंद करायचं ठरवलं होतं, पण त्या सकाळी औषधांपेक्षा चौकशीच जास्त: "भाई, मास्क गेला काय?"

गोंधळ उगाच नव्हता. केंद्राने कोरोनासाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली काढलेले आदेश 31 मार्चनंतर पुढे न वाढवायचं ठरवलं होतं, पण मास्क वापरा, हात धुवा हा आरोग्य मंत्रालयाचा सल्ला कायम होता. महाराष्ट्राने नेमके पाडव्यापासून निर्बंध उठवून मास्क ऐच्छिक केला. मराठी वाहिनीवर बातमी मुंबईची, बघणारा डिचोलीचा. त्यामुळे मुंबईचा नियम आपसूक आपला झाला. त्यात सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या दोडामार्गहून बाजाराला आलेली मंडळी उघड्या तोंडाने फिरत होती.

एक हॉटेलवाले मास्कचे दोन खोके घेऊन आले. "परत घ्या." 2020 च्या मार्चमध्ये सरकारने तीन पदरी मास्कला 10 आणि दोन पदरीला 8 रुपये कमाल भाव ठरवून दिला, तेव्हा हेच गृहस्थ म्हणेल तो भाव द्यायला तयार होते. मी घेतले नाहीत. तसे डिचोलीकर तोंड झाकायला नवखे नाहीत म्हणा, खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा धुळीमुळे तोंडाला रुमाल बांधूनच रस्त्यावर निघावं लागायचं.

माझ्या काचेवर पाटी होती: 'मास्क नाही, तर औषध नाही.' खरं सांगतो, ही पाटी मला आवडायची. वाद नको, समजावणं नको, बोट दाखवलं की काम झालं. ती काढायची की ठेवायची याचा विचार करतच होतो, तेवढ्यात एक मुलगी आली. (तिची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.)

गर्दी ओसरेपर्यंत ती टॉनिकच्या कपाटाशी उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "भाई, एन-95 आहे? हा असा, बटणवाला." तिच्या तोंडावर पुढे प्लॅस्टिकची गोल झडप असलेला मास्क होता.

"हाच कशाला, बाय?"

"महाग आहे, म्हणजे चांगला असेल."

मग तिने सांगितलं. टीबी निघाला होता. सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते. कामावर जायला हरकत नाही, पण मास्क सोडू नकोस, असं डॉक्टर म्हणाले होते. ती कापडाच्या दुकानात कामाला. मालकाला ठाऊक नव्हतं. आतापर्यंत कळायचं कारणही नव्हतं, कारण सगळ्यांच्याच तोंडावर मास्क होता.

"सोमवारपासून मी एकटीच दिसणार ना?"

दोन वर्षं मी मास्ककडे फक्त सक्ती म्हणून पाहत होतो. कोणाला त्याचा आडोसाही मिळतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आधी मास्कचं बघितलं. ती झडप श्वास सोडताना उघडते आणि हवा न गाळता बाहेर जाते. घालणाऱ्याला आत येणाऱ्या हवेपासून बचाव मिळतो, समोरच्याला तेवढा नाही. म्हणूनच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी 2020 च्या जुलैमध्ये झडपवाले मास्क वापरू नयेत असं राज्यांना कळवलं होतं. तिच्या बाबतीत तर ते अगदीच उलटं. साधा तीन पदरी दिला. नाकावरची तार चिमटीत दाबून बसवायला लावली, ओला झाला की बदलायला सांगितलं. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. सहा महिने तर धरूनच चाल, पुढचं डॉक्टर सांगतील.

"आणि मालकाने विचारलं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं बोल असं सांगवेना, खरं सांग असं म्हणणं मला सोपं होतं, कारण नोकरी तिची जाणार होती, माझी नव्हे.

मी काचेवरची पाटी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला मार्करने लिहिलं: 'खोकला, ताप असल्यास मास्क घालावा. घरी वयस्कर किंवा आजारी माणूस असल्यास गर्दीत घालावा. बाकी ज्याला घालायचा त्याने घालावा. कारण विचारू नये.'

तिने ती दोनदा वाचली. "आमच्या दुकानाला एक मिळेल?"

"मिळेल की."

"कुणी दिली म्हणून सांगू?"

"सांग, औषधाच्या दुकानातून सगळ्यांनाच देतायत."

ती गेल्यावर हे बोलणं खोटं ठरू नये म्हणून झेरॉक्सवाल्याला सणाच्या दिवशी शटर वर करायला लावलं आणि गठ्ठा घेऊन गल्लीत निघालो. कापडाचं दुकान मुद्दामच पहिलं घेतलं नाही, चौथं-पाचवं घेतलं. मालकाने कागद लांब धरून वाचला, म्हणाला, "शेवटची ओळ कशाला?"

"गिऱ्हाईक चिडतं हो विचारलं की," मी म्हटलं. त्याला ते पटलं. त्याने स्वतःच चिकटपट्टी काढली. हॉटेलवाल्यांनी मात्र कागद घेतला तो खोके परत घेण्याच्या बोलीवर.