मी बाकावर, रोजनाम्यात गैरहजर

अण्णा, माझे वडील, गेले आणि दादाने त्यांच्या जमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज दिला. त्यात वारस दोनच दाखवले, आई आणि तो. माझं नाव वारसांत नसल्यामुळे मला नोटीस येण्याचा प्रश्नच नव्हता. आतेभावाच्या मुलाने ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांत होणाऱ्या बदलांच्या नोंदी, बघितल्या आणि मला फोटो पाठवला, म्हणून कळलं. हरकतीच्या पंधरा दिवसांपैकी सहा उरले होते. स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडून गेले आणि हरकत दिली. प्रकरण तक्रारी नोंदवहीत चढलं. इथपर्यंत कुणी अडवलं नाही, खोटं कशाला बोलू.

पुढे सुनावणी. पहिल्या तारखेला सुनावणी घेणारे साहेब पंचनाम्यांना गेलेले, दुसऱ्या तारखेला जिल्ह्याला बैठकीला. तिसऱ्या तारखेला मी साडेदहालाच व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने दादा आला आणि त्याच बाकावर, हातभर अंतर ठेवून बसला. बोलणं बंद होतं, तरी चहावाला आल्यावर त्याने दोन कप घेतले आणि एक माझ्यापुढे ठेवला. मीही घेतला. पाच वाजले तेव्हा कारकून म्हणाले, “आज काही होत नाही ताई, तारीख कळवू.” शेवटची एसटी पकडून घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले.

तारीख आलीच नाही. महिन्याभराने थेट निकाल आला, हरकत नामंजूर. कारण काय, तर ‘वारंवार संधी देऊनही हरकतदार गैरहजर’.

आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद माझ्या पाकिटात आला. मग सगळ्या प्रकरणाच्या नकलेसाठी अर्ज केला. (नुसत्या निकालाची नक्कल मागू नका. रोजनाम्यासह, म्हणजे दर तारखेला कोण हजर होतं आणि काय झालं त्या नोंदीसह, पूर्ण प्रकरणाची मागा, आणि अर्जाची पोच घ्या.) नक्कल हातात पडायला पाच हेलपाटे झाले. एकदा झेरॉक्स बंद, एकदा रेकॉर्डवाले रजेवर, एकदा ‘ताई, बुधवारी या’ आणि बुधवारी सुट्टी. शेवटी मिळाली. तिसऱ्या तारखेचा रोजनामा निळ्या शाईत चार ओळींचा होता: प्रकरण पुकारले. जाबदार हजर. हरकतदार पुकारा करूनही गैरहजर. प्रकरण निकालासाठी बंद. खाली दादाची सही.

बाक एक, दिवस एक, चहासुद्धा एकाच केटलीतला. तो हजर आणि मी गैरहजर! रात्री त्याला फोन लावला. म्हटलं, “दादा, मी तुझ्या शेजारी बसले होते ना रे?” तो म्हणाला, “कारकुनाने सही कर म्हटलं, मी केली. वर काय लिहिलंय ते कोण वाचतं?” आजही ठरवता येत नाही की तो खरं बोलला की नाही.

मला वाचवलं ते एका निवृत्त अव्वल कारकुनाच्या सल्ल्याने. शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांनी आधीच बजावलं होतं, “तोंडाने बोलून येऊ नका. दर तारखेला एक कागद आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.” त्यामुळे माझ्या लेखी म्हणण्यावर त्याच तिसऱ्या तारखेचा आवक शिक्का होता. पर्समध्ये एसटीचं तिकीटही सापडलं, पण खरं वजन शिक्क्याचं.

प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील केलं. मुदत साठ दिवसांची, आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. हे मला वकिलांनी सांगेपर्यंत मी रोज कॅलेंडर बघून रडकुंडीला यायचे. तिथे समोरच्या वकिलांनी माझ्या लग्नाची तारीख काढली, १९९१. हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण त्यात २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, हे खरंच. पण २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं. शिवाय बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस आहेच. प्रांतांनी या वादात फारसं न शिरता आवक शिक्का आणि रोजनामा शेजारी शेजारी ठेवून बघितला. म्हणणं मांडण्याची संधी न देता दिलेला निकाल, म्हणून रद्द. फेरचौकशीला परत.

मधल्या काळात काका ‘नुसती सही कर गं’ म्हणत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हक्कसोड लिहून घेऊन आले होते. नोंदणी नसलेल्या त्या कागदाला जमिनीच्या हक्कापुरता अर्थ नाही, तरी सही करू नका. तो कागद पुढे कुठे फिरेल सांगता येत नाही. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, वाटपाचा वाद दिवाणी कोर्टातच जातो. हे मला फार उशिरा कळलं, तुम्हाला आधीच सांगते.

फेरचौकशीच्या दिवशी बाकावर बसलेच नाही. सरळ कारकुनांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, रोजनाम्यात माझी हजेरी घ्या. “साहेब आल्यावर घेऊ.” मी म्हटलं, मग मी इथेच उभी राहते. दहा मिनिटं उभी होते. त्यांनी वही माझ्याकडे वळवली. मी वरच्या ओळी सावकाश वाचल्या, सही केली आणि शेजारी वेळ घातली, ११.२०.

साहेब साडेतीनला आले.